दवाखाना मागनं बघावा

अण्णा मुतगेकरांनी मला दवाखाना बघायला शिकवलं. हे वाक्य मी किती जणांना, किती कौतुकानं ऐकवलं असेल त्याला गणती नाही. ऑफिसात नवा माणूस आला की त्याला, कंपनीच्या बैठकीत साहेबांना, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनासुद्धा. आता तो विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते. परवा एकानं विचारलं, “अण्णा तुमचे गुरू ना?” मी “होते” म्हटलं. त्याला वाटलं, अण्णा वारले. बिचारा हळहळला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. अण्णा ठणठणीत आहेत, बेळगावातच आहेत.

आमचं काम काय ते आधी सांगायला हवं. आरोग्य विम्याचं कार्ड दाखवलं की पैसे न भरता ऑपरेशन होतं, हे आता खेड्यापाड्यातही ठाऊक झालंय. पण ते कुठल्याही दवाखान्यात होत नाही, विमा कंपनीच्या पॅनेलवर असलेल्या दवाखान्यातच होतं. आणि दवाखाना पॅनेलवर घेण्याआधी कुणीतरी जाऊन तो बघून यावा लागतो. डॉक्टरची नोंदणी चालू आहे का, भूल कोण देतं, पेशंट बिघडला तर व्हेंटिलेटर आहे का, की नुसतीच पाटी. नियमांना तोटा नाही, सरकारचे आहेत, कंपनीचे आहेत. पण शेवटी सगळे नियम जाऊन बघणाऱ्याच्या दोन डोळ्यांवर येऊन टेकतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ते दोन डोळे अण्णांचे होते.

अण्णा स्वतः डॉक्टर. खानापूर भागात सरकारी नोकरी करून निवृत्त झाले आणि आमच्या ऑफिसात आले. मी होमिओपॅथीची डॉक्टर. माझा दवाखाना चालला नाही, म्हणून मी आले. मला त्यांच्या हाताखाली दिलं. उंच, किडकिडीत माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात रबरी चप्पल. ती चप्पल वाजायची नाही, त्यामुळे अण्णा वॉर्डात येऊन उभे राहिले तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. बोलायचे कमी, वास जास्त घ्यायचे. दवाखान्यात शिरल्यावर डोळे मिटून एक लांब श्वास ओढायचे. फिनेलचा वास आला की कपाळाला आठी. “आजच पुसून घेतलंय,” म्हणायचे. “रोज पुसणाऱ्याकडं एवढा वास येत न्हाय.”

पहिल्या दिवशी मी पुढच्या दारानं आत निघाले, तर मागून हाक आली.

“पोरी, तिकडं कुठं? ते दार पेशंटास्नी. आपलं दार मागं.”

मागे काय, तर उकिरडा, धुण्याची दोरी आणि जनरेटरची खोली. वापरलेल्या सुया कशात पडतात, चादरींवरचे डाग गेलेत का, जनरेटरमध्ये डिझेल आहे की कोळ्यांचं बिऱ्हाड, हे सगळं पाहून झालं की मग माणूस आत. “दवाखाना मागनं बघावा,” ते म्हणायचे. “पुढनं सगळंच देखणं असतंय.”

आत गेल्यावरही मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये सगळ्यात शेवटी. आधी वॉर्डातल्या आया. एखाद्या आयेजवळ जाऊन गावगप्पा मारल्यासारखं विचारायचे, “काय आक्का, पेशंट एकाएकी घाबरा झाला तर पयल्यांदा कुणाला हाक मारतासा?” आया विचारात पडायची, बोटं मोडायची, “त्या सिस्टरला, आनी ती नसली तर...” असं करत सांगायची. अण्णा मान डोलवायचे. कुणी घडाघडा सांगितलं की मात्र बाहेर येऊन मला म्हणायचे, “पाठ करून घेतलंय गं. आठवत आठवत सांगतो तो खरं सांगतो.” हे मी मनाशी कोरून ठेवलं होतं. परीक्षेची तयारी करणारी पोरं सूत्रं ठेवतात तसं.

खाण्यापिण्याच्या बाबतीत अण्णांचं सोवळं होतं. तपासणीला गेलेल्या ठिकाणी पाण्याचा घोटही नाही. एकदा एका दवाखान्याच्या मालकांनी कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, भलामोठा डबा टेबलावर आणून ठेवला. मला वाटलं, अण्णा आता झाडणार. अण्णांनी डबा उघडला, वास घेतला, म्हणाले, “झकास आहे. तुमच्या आयांना बोलवा.” सगळ्या आया आल्या. अण्णांनी एकेकीच्या हातावर कुंदा ठेवला आणि ती खाईपर्यंत समोर उभे राहिले. मालक हसत होते, पण ते हसू ओठांच्या पलीकडे जाईना. डबा रिकामा झाल्यावर अण्णांनी तो त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “आता ऑपरेशन थिएटर दाखवा.”

आणि ती व्हेंटिलेटरची गोष्ट तर मी शंभरदा सांगितली असेल. हिंडलग्याच्या बाजूला एक नवा दवाखाना निघाला होता. सगळं चकाचक, पांढऱ्या फरशा, आरशासारख्या. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर उभा. डॉक्टर त्याची माहिती सांगत होते आणि अण्णा खाली वाकले. मला वाटलं, चप्पल निसटली. त्यांनी यंत्राच्या चाकावरून बोट फिरवलं आणि वर करून दाखवलं. बोटाला तांबडी माती.

“डॉक्टर, ह्यो व्हेंटिलेटर खानापुरास्नं चालत आलाय काय?”

कुठल्यातरी मित्राच्या दवाखान्यातून एका दिवसापुरता आणलेला. टेम्पोतून उतरवून अंगणातून ओढत आणलेला, आणि चाकं पुसायची राहिली. आमचा ड्रायव्हर मारुती ही गोष्ट ऐकून गाडी बाजूला घेऊन हसला होता. मारुती उचगावचा. ऑफिसची गाडी तोच चालवायचा आणि अण्णांवर त्याचा फार जीव. “अण्णांच्या बोटाला डोळं हाईत, मॅडम,” असं म्हणायचा.

पण अण्णांबद्दल माझ्या मनात जी जागा झाली ती हुशारीमुळे नव्हे, निपाणीच्या एका जुन्या डॉक्टरांमुळे. ते अण्णांचे वर्गमित्र, एका खोलीत राहून शिकलेले. घर सीमेच्या पलीकडे, कागल भागात, आणि दवाखाना अलीकडे निपाणीत. आमच्या भागात यात नवल काही नाही. माणसं सकाळी एका राज्यात उठतात आणि दुसऱ्या राज्यात कामाला जातात. पण त्यांची डॉक्टर म्हणून नोंदणी महाराष्ट्रात होती, कर्नाटकात केलीच नव्हती. तीस-पस्तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. हाताला एवढं यश की तंबाखूच्या वखारीतल्या बायका त्यांच्याशिवाय कुणाकडे जायच्या नाहीत. अण्णांनी त्यांचा दवाखाना नाकारला.

ते डॉक्टर हसून म्हणाले, “अरे मुतगेकर, तू मला ओळखत न्हाईस व्हय?”

“मी वळखतो रं,” अण्णा म्हणाले. “पण उद्या माझ्या जागी दुसरा येणार. त्यानं तुला का म्हणून वळखायचं? नोंदणी करून घे, मी परत येतो.”

परतताना गाडीत, संकेश्वर मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, “देवमाणूस हाय तो. पण नियमात देवमाणूस अशी जागा न्हाय, पोरी. एकदा केली की सगळेच त्यात येऊन बसत्यात.” त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, मला नोकरी नाही लागली, दीक्षा मिळाली. केवढी भाबडी होते मी.

पुढे वयामुळे अण्णांचा करार संपला. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही, शाल घेतली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ही हाय की.” मी रडले. मारुतीही रडला. मग त्यांच्या जागेवर मी आले आणि मागच्या दारानं जाऊ लागले.

काही महिन्यांनी निपाणीत एका नव्या दवाखान्याचा अर्ज आला. मी गेले. आधी मागे गेले. सुया लाल डब्यात, चादरी स्वच्छ, जनरेटर एका झटक्यात सुरू. आत फिनेलचा भपकारा नाही. व्हेंटिलेटरच्या चाकांवरून बोट फिरवलं, बोट कोरडं आणि स्वच्छ. भूल देणारे डॉक्टर हजर, नोंदणी या राज्यातली. एका आयेला विचारलं, पेशंट घाबरा झाला तर कुणाला हाक मारता? ती थबकली, आढ्याकडे पाहिलं, पदराचं टोक चाळवलं आणि आठवत आठवत, एकदा चुकून दुरुस्त करत, बरोबर सांगितलं. मला इतका आनंद झाला. वाटलं, अण्णांना फोन करून सांगावं, अण्णा, असाही दवाखाना असतो. दवाखाना पॅनेलवर आला.

मारुतीची बायको सुशीला. तिला बरेच दिवस पोटाचा त्रास होता, गर्भाशय काढायला सांगितलं होतं. तिचं माहेर निपाणीजवळ, तिथे आई करायला होती. मारुतीनं मला विचारलं, “मॅडम, तो निपाणीचा दवाखाना आपल्या पॅनेलवर हाय न्हवं?” मी म्हटलं, हो, चांगला आहे. चांगला होताच, मी पाहिला होता.

ऑपरेशन नीट झालं. भुलीतून बाहेर येताना तिचा श्वास अडला. भूल देणारे डॉक्टर टाके पडायच्या आतच दुसऱ्या गावच्या दवाखान्याकडे निघून गेले होते. ते पाच ठिकाणी जायचे, हे नंतर कळलं. व्हेंटिलेटर नव्हता. म्हणजे बिघडलेला नव्हता, तिथे नव्हताच. हातानं श्वासाचा फुगा दाबत दाबत तिला कोल्हापूरला नेलं. सुशीला वाचली. पण मेंदूला हवा कमी पडली ती पडलीच. उजवा हात लुळा राहिला, बोलणं जड झालं, आणि मधली काही वर्षं तिच्या डोक्यातून पुसल्यासारखी झाली. धाकटी मुलगी अजून बालवाडीत आहे असं समजून ती तिचा डबा भरायला उठायची. मुलगी आठवीत होती.

मी दुसऱ्याच दिवशी निपाणी गाठली. कुणाला न कळवता. व्हेंटिलेटरच्या जागी गाद्यांचा ढीग होता. तीच आया वॉर्डात होती. मी तिला काहीच विचारलं नव्हतं, तरी मला बघताच तिनं आढ्याकडे पाहिलं, पदराचं टोक धरलं आणि सुरू झाली, “सिस्टरला, न्हाय न्हाय, आदी त्या...” तीच चूक, तीच दुरुस्ती, त्याच जागी.

“कुणी शिकवलं गं हे?” मी विचारलं.

तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “अण्णा आलते की. ते उंच डॉक्टर. मॅडम असं इचारतील म्हणाले. लगेच सांगू नका, जरा आठवल्यागत करा, एकदा चुका, मग सांगा. आनी त्या यंत्राची चाकं धुऊन ठेवा म्हणाले, मॅडम चाकं बघत्यात.”

मी तिथल्या बाकावर बसले. ती पाणी आणायला गेली. माझ्याआधी तिथे कोण बसून गेलं असेल, कुठल्या खुर्चीवरून त्यांनी या सगळ्यांची तालीम घेतली असेल, एवढंच मला दिसत होतं. फिनेल किती टाकायचं तेसुद्धा सांगितलं असणार. मला फसवायला माझ्याइतकी मला ओळखणारी माणसं जगात दोनच, एक माझी आई आणि दुसरे अण्णा. आई तसं करणार नाही एवढंच मला तेव्हा खात्रीनं सांगता आलं असतं.

मी अहवाल दिला, दवाखाना पॅनेलवरून काढावा. बेळगावच्या ऑफिसात सुनावणी ठेवली, बेंगळुरूहून वरचे साहेब आले. दवाखान्याच्या बाजूनं बोलायला सल्लागार म्हणून अण्णा. तोच पांढरा शर्ट, पायात मात्र बूट. त्या आयेला बोलावलं होतं, ती आली नाही. तिला कामावरून काढलं होतं.

अण्णा शांतपणे बोलले. “तपासणीच्या दिवशी यंत्र होतं का? होतं. भूल देणारे डॉक्टर होते का? होते. नियम काय म्हणतो? तपासणीत आढळलं पाहिजे. आढळलं. आणि बघायला कोण आलं होतं? तुमच्याच मॅडम. त्यांच्याइतकी बारकाईनं बघणारी बाई या भागात नाही, हे मी खात्रीनं सांगतो.” माझी स्तुती करून त्यांनी माझंच तोंड बंद केलं. साहेबांनी दवाखान्याला समज देऊन प्रकरण मिटवलं. त्रुटी दूर कराव्यात, पुढे काळजी घ्यावी.

जिन्यात मी त्यांना अडवलं. माझा आवाज चढला होता, लोक बघत होते. मी म्हटलं, “का केलंत अण्णा?”

“पोरी, ही परीक्षाच हाय की,” ते म्हणाले. “आदी मी पेपर तपासत होतो, आता शिकवणी घेतो. आनी खरं सांगू? हे नियम बेंगळुरूत बसून केल्यात. तालुक्याच्या दवाखान्याला एवढं सगळं झेपत न्हाय. उद्या सगळे बंद पडले तर लोकांनी जायचं कुठं?”

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, “मग तुमच्या वर्गमित्राला का नाकारलंत? तो तर देवमाणूस होता.”

अण्णांनी घड्याळात पाहिलं. “तवा मी नोकरीत होतो,” म्हणाले आणि खाली उतरले.

खाली गाडीपाशी मारुती उभा होता. त्यानं त्यांना नमस्कार केला. सवयीनं केला की मुद्दाम, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही. त्याला मी सगळं सांगितलं होतं. त्यानं ते सुशीलाला सांगितलं नव्हतं. “तिच्या ध्यानात तरी अण्णा चांगलं राहू देत,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर अण्णांना मी एकदाच पाहिलं. उचगावला, मारुतीच्या घरी. मी सुशीलाला बघायला गेले होते, तिच्या डाव्या हातानं भाजी निवडायची खटपट चालली होती. तेवढ्यात दारात अण्णा. हातात मोसंब्यांची पिशवी. मला बघून जरा घुटमळले, पण आत आले. मारुतीनं खुर्ची पुढे केली. अण्णांनी सुशीलाची नाडी पाहिली, बोटं दाबायला सांगितली, डोळ्यांची पापणी वर करून पाहिली. वैद्यकी काही विसरले नव्हते.

सुशीलाला फार आनंद झाला. तिच्या डोक्यात अण्णा अजून ऑफिसातच होते आणि मारुती अजून त्यांनाच घेऊन फिरत होता. ती शब्द जोडत जोडत म्हणाली, “अण्णा... तो निपाणीचा दवाखाना... तुमी बघितलता न्हवं?”

मी मारुतीकडे पाहिलं नाही. मला अण्णांचं तोंड बघायचं होतं. वाटलं, आता तरी. इथे साहेब नाहीत, सुनावणी नाही, उद्या काही विसरूनही जाईल अशी एक बाई समोर आहे. तिच्यापाशी तरी हा माणूस खरं बोलेल. एवढं सगळं होऊनही मी वाट बघत होते, याचं माझं मलाच नवल वाटतं.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “बघितलता.”

“मग दवाखान्याचा... दोष न्हाय,” सुशीला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “माजंच नशीब.”

अण्णांनी तिच्या लुळ्या हातावर हात ठेवला आणि थोपटला.

“व्हय बाई,” ते म्हणाले. “नशीबच.”

मग ते उठले, कोपऱ्यात काढलेले बूट वाकून घातले. “येतो,” म्हणाले. मारुती भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुशीलानंच भाजीचं ताट बाजूला सारलं, उंबऱ्यापर्यंत पाय ओढत गेली आणि म्हणाली, “या हं, अण्णा. परत या.”